रुग्णालयाच्या ग्रंथालयात अकरा वर्षं झाली, आता पुढे काय शिकू?

छापील जर्नलं जवळजवळ बंद झाली, देवघेव नावापुरती उरलीय. डॉक्टर स्वतःच पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन डेटाबेसवर) शोधतात. वरिष्ठ म्हणतात, 'डेटाचं काहीतरी शिका.' म्हणजे पायथॉनमध्ये प्रोग्रॅमिंग? की सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचं काम (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून, तपासून एकत्र मांडणं)? दोन्हीला वेळ नाही.

कंसवाली:
पायथॉन राहू द्या, आधी शोध पक्का करा. डॉक्टर शोधतात खरं, पण कसं शोधतात ते एकदा शेजारी बसून बघा.

माझीच फजिती सांगते. पहिल्या रिव्ह्यूला मी 'ॲस्पिरिन अँड स्ट्रोक ऑर इन्फार्क्शन' अशी शोधाची ओळ चालवली, कंस न घालता. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, म्हणजे शेवटच्या 'ऑर'मुळे नुसतं इन्फार्क्शन असलेला लेखही त्याला चालतो. त्यामुळे ॲस्पिरिनचा गंधही नसलेले इन्फार्क्शनचे ढीगभर लेख पदरात पडले. दोन डॉक्टर चार दिवस सारांश चाळत बसले. मग एकाने विचारलं, 'मॅडम, यात ॲस्पिरिन कुठंय?' तेव्हापासून दुसऱ्या ग्रंथपालाची नजर फिरल्याशिवाय माझी ओळ पुढे जात नाही. (त्यासाठी 'प्रेस' नावाची तपासणी-यादी आहे, ती जवळ ठेवा.)

मेशवर (पबमेडमधल्या लेखांना लावायची ठरावीक विषय-शब्दावली) हात बसवा, पण नुसत्या मेशवर विसंबू नका. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना मेश लागलेलं नसतं, म्हणून शीर्षक-सारांशातले शब्दही जोडायचे. एम्बेस या दुसऱ्या वैद्यकीय डेटाबेसची शब्दावली वेगळी, एमट्री. तिथे हीच ओळ जशीच्या तशी चिकटवून भागत नाही. प्रिस्मा २०२० या रिव्ह्यू कसा मांडायचा त्याच्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक डेटाबेसची पूर्ण ओळ द्यावी लागते, तेव्हा पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. आणि एवढं केल्यावर सहलेखक म्हणून नाव मागायला लाजू नका!

नोंदविभाग:
थोडा असहमत. रिव्ह्यू वर्षाकाठी होऊन होऊन किती होणार? मी मेडिकल रेकॉर्डमधला. एकच रक्ततपासणी दोन लॅब दोन नावांनी लिहितात, लॉइंकचा (तपासण्यांच्या प्रमाण कोडयादीचा) कोड लावला की ती एक आहे हे संगणकाला कळतं. मेश येणाऱ्याला आयसीडी, स्नोमेड या आजारांच्या नि वैद्यकीय संज्ञांच्या कोडयाद्या जड जाऊ नयेत. सोबत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिका.

जुना सभासद:
राऊंडला जा. ग्रंथपाल गर्ट्रूड लॅम्ब यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर राऊंडला पाठवायला सुरुवात केली होती. प्रश्न तिथे उठतात, आपल्या टेबलापर्यंत त्यातले फार थोडे येतात.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. कंसवाली ताई, तुमचं वाचून कालची माझी ओळ उघडली. एक कंस कमी आहे. नशीब, अजून पाठवली नव्हती.