मदत हवी आहे: आतच बॅटरी असलेल्या बंद पडलेल्या वस्तू टाकायच्या कुठे?

रानजाई
महिनाअखेरीला घर रिकामं करायचंय आणि ही एक पिशवी अडून बसलीये. ट्रिमर, मच्छर मारायची बॅट, ब्लूटूथ स्पीकर, पॉवर बँक, लाइट गेल्यावर चालणारे दोन बल्ब. सगळं बंद. बॅटरी काढायला झाकणच नाही. घंटागाडीवाल्या दादांनी पिशवी परत केली. नेटवर सगळीकडे 'योग्य विल्हेवाट लावा' एवढंच लिहिलंय. कुठे लावू ते कुणी सांगेल का? जरा लवकर.

सागरगोटा
भंगारवाल्याला देऊन मोकळ्या व्हा. वर पैसेही मिळतील.

वायरमन_काका
भंगारात अजिबात नको. तो तांब्यासाठी हातोडी घालणार. लिथियमची बॅटरी ठेचली की आतल्या आत शॉर्ट होतं आणि पेट घेते. कचऱ्याच्या गाडीत माल दाबतात तेव्हाही हेच होतं, दादांनी परत केली ते बरोबरच केलं. रानजाई, शहर कोणतं? आणि यातलं काही फुगलंय का?

सागरगोटा
आमचा भंगारवाला वर्षानुवर्षं नेतोय, कधी काही झालं नाही.

वायरमन_काका
तुमच्या दारात झालं नाही. त्याच्या गोदामात काय होतं ते बघितलंय का?

जुगाडू
सोपं आहे. मिठाच्या पाण्यात दोन दिवस बुडवा, बॅटरी मरते. मग कुठेही टाका.

राइनकाठचा
आमच्याकडे जर्मनीत 800 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये इलेक्ट्रिक वस्तू विकत असतील, तर 25 सेंटीमीटरपर्यंतची जुनी उपकरणं त्यांना परत घ्यावीच लागतात. 2022 च्या जुलैपासून. नवीन काही विकत घ्यायची अटही नाही. आणि 18 फेब्रुवारी 2027 पासून युरोपात अशा लहान बॅटऱ्या गिऱ्हाइकाला स्वतः काढता येतील अशाच वस्तू विकायच्या, मोजके अपवाद सोडून. हे चिकटवून बंद करण्याचं खूळ तेव्हा कमी होईल.

रानजाई
मी नाशिकला आहे, जर्मनीत नाही! हो, पॉवर बँक फुगलीये. टेबलावर ठेवली की डुगडुगते, कडेच्या फटीत नख जातं. सध्या मुलीच्या कपाटात, वह्यांमागे आहे.

वायरमन_काका
ताई, ती आत्ता कपाटातून काढा. दाबू नका, टोचू नका, 'चालते का बघू' म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावू नका. आत गॅस धरलाय. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू, त्यात ती, वर परत वाळू. झाकण घट्ट लावू नका. डबा बाल्कनीत सावलीला, पडद्यांपासून आणि रद्दीपासून लांब.

बाकीच्या वस्तू वेगळ्या ठेवा. चार्जिंगच्या उघड्या पिना असतील तर चिकटपट्टी लावा. बॅटमध्ये बहुतेक वेळा 4 व्होल्टची शिशाची बॅटरी असते, म्हणजे शिसं आणि गंधकाम्ल. ट्रिमर जुना असेल तर निकेल-कॅडमियम निघते, आणि कॅडमियम विषारी. बल्बच्या मानेत लिथियमचा सेल असतो. काहीही फोडून बॅटरी काढायला जाऊ नका, वस्तू अख्खीच द्यायची.

जुगाडू, मिठाच्या पाण्याने टोकं गंजून जातात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो. मेली समजून माणूस हातात घेतो. शिवाय ते पाणी मोरीत ओतणार?

जुगाडू
यूट्यूबवर सगळे करतात.

गोदाकाठ
मीही नाशिकचीच. 2022 चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत. बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही ही जबाबदारी आपली, आणि वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलिंगला पाठवायची जबाबदारी उत्पादकाची. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेली खूण असते, ती याचसाठी. आधी ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. नाही म्हणाले तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर परवानाधारक ई-कचरावाल्यांची यादी आहे. फोनवर दोनच गोष्टी विचारा: बॅटरीसकट वस्तू घेता का, आणि फुगलेली घेता का. फुगलेली कुरिअरने पाठवायची नाही.

सागरगोटा
नियम कागदावर. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मला 'आम्ही जुनं घेत नाही' असंच ऐकवलं होतं.

गोदाकाठ
मग नकार लेखी मागायचा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल टाकायची. निमूट परत आलो तर ते तसंच म्हणत राहणार.

रानजाई
यादीतल्या एकाने फोन उचलला. शनिवारी माणूस येऊन बाकी सगळं नेणार. पॉवर बँक वाळूच्या डब्यातच ठेवायला सांगितलीये, ती सोमवारी वेगळ्या गाडीने. घंटागाडीच्या दादांनाही हा नंबर देते, त्यांना रोज कुणीतरी हे विचारत असणार. काका, गोदाकाठ, आभार.

पिंपळपान
धागा वाचून आठवलं, पुढच्या आठवड्यात दुबईला जातोय. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालते का?

वायरमन_काका
नाही. हातातल्या बॅगेतच, तीही 100 वॉट-अवरपर्यंतची. मागे बारीक अक्षरात आकडा असतो. नुसतं एमएएच लिहिलं असेल तर त्याला 3.7 ने गुणून हजाराने भागा. फुगलेली असेल तर विमानात कुठेच नाही.