जर्मन वास्तुकार फ्रिट्झ शुपच्या धर्तीवर लोखंडी चौकटीत वीट: लातूरच्या दाळ मिलला जमेल का?

मांजरा:
लातूर एमआयडीसीत दाळ मिलचं 18 बाय 45 मीटरचं शेड आहे. मालकाला बाजूंना पत्रा नको. जर्मनीतल्या एसेनच्या त्सोलफेराइन कोळसा खाणीतल्या शाफ्ट 12 च्या इमारतींसारखं बाहेरून दिसणारं लाल लोखंड आणि त्यात वीट हवी. आयएसएमबी 150 (150 मिमी खोलीचा आय आकाराचा पोलादी सेक्शन) चे 3 मीटर रुंद, 2 मीटर उंच खण (चौकटीतले चौकोन) धरलेत, भिंत चार इंची. छताचा थोडा भार या भिंतीवर देता येईल का? जोड कसे ठेवायचे?

कुंडलिका:
छताचा भार अजिबात नको. शुप आणि मार्टिन क्रेमर यांनी शाफ्ट 12 मध्ये (1928-32) सगळा भार आतल्या पोलादी सांगाड्यावर ठेवला. बाहेरची वीट आणि काच नुसता पडदा. मशीन बदलायचं तर तेवढेच खण उघडायचे. दिखाव्यापेक्षा ही सोय मोठी, आणि मिलवाल्याला तीच लागते.

खणाचं माप मात्र चुकलंय. सेक्शनची खोली भिंतीच्या जाडीत जाते, म्हणजे आडवा मेंबर कमकुवत अक्षावर वाकणार. 115 मिमी (चार इंची) भिंत चौरस मीटरला साधारण 230 किलो. तुमच्या खणात 1.4 टनाच्या आसपास वीट. 3 मीटरवर ताण 400 एमपीएच्या (मेगापास्कल) घरात जातो, साध्या पोलादाची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा, 250. उभे मेंबर 1.5 मीटरवर आणा, ताण चौथाईवर येतो.

पाया काळ्या मातीवर उथळ ठेवू नका. माती फुगली-आकसली की सगळ्यात आधी ही पातळ भिंत तडकते. अंडर-रीम्ड (तळाशी फुगीर) पाइल, वर प्लिंथ बीम (जोत्याचा बीम), बीमखाली पोकळी.

बिंदुसरा:
जोडांचं सांगतो. दोन फ्लँजमध्ये (आय आकाराच्या कडेच्या पट्ट्या) साधारण 135 मिमी जागा मिळते, वीट दोन्ही बाजूंनी 35-37 मिमी खोल खाचेत धरली जाते. किल्लारीनंतर आपल्याकडे जी भीती असते, भिंत बाहेर कोसळण्याची, ती हीच पकड अडवते. शिवाय दर चौथ्या थराला 6 मिमीच्या दोन सळया. पण बाजूला आणि डोक्यावर 10 मिमी फट सोडा, फोम रॉड घालून सीलंट भरा. गवंडी सवयीने तिथे मसाला ठासतो, मग मे महिन्यात लोखंड वाढलं की कडेच्या विटा फुटतात. 45 मीटरला 40 अंशांच्या फरकात 21-22 मिमी वाढ होते, म्हणून मधोमध एक एक्स्पान्शन जॉइंट हवाच.

आडवा मेंबर पन्हाळीसारखा पाणी धरतो, गंज तिथूनच लागतो. बाहेरच्या फ्लँजला वेबच्या (मधल्या पट्टीच्या) वर लगेच 8 मिमी भोकं पाडा. झिंक प्रायमर आणि पॉलियुरेथेन वीटकामाआधीच मारा; नंतर आत ब्रश पोचत नाही.

मांजरा:
आतल्या कडांवर भुसा बसेल ना? आणि पश्चिमेचं ऊन?

कुंडलिका:
आतल्या कडांना 45 अंशांचा मसाल्याचा उतार द्या, भुसा टिकत नाही. पश्चिमेला 50 मिमी पोकळी सोडून आतून 100 मिमी एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक. त्याचं वजन प्लिंथ बीमवर, चौकटीवर नाही. लांब काचपट्ट्या फक्त उत्तरेला.