मदत हवी आहे: लेगोच्या माणसाचं डोकं गोल राहत नाही, जोड उघडतो

रामबागवाला:
परवा शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीत गणपतीची वेशभूषा स्पर्धा आहे. मुलाला लेगोच्या ठोकळ्यांतला पिवळा माणूस व्हायचंय. अंग पुठ्ठ्याचं केलं, ते छान झालं. डोकं फोमचं आहे. पट्टी गोल करून जोडली की तासाभरात उघडते. तीनदा झालं. काल रात्री कपड्यांचे चिमटे लावून ठेवली, सकाळी बघतो तर चिमटे इकडे-तिकडे आणि पट्टी फरशीवर सरळ. शाळेत जाताना पोरगं तिच्याकडे बघत उभं राहिलं, बोललं काहीच नाही. कृपया लवकर सांगा.

छप्पनचा_भिया:
भिया, फोम सोडा. सियागंज बाजारात थर्माकोल घ्या, कोरा आणि पिवळा स्प्रे मारा. दोन तासांचं काम.

कात्री_आणि_सुई:
असलं सांगू नका हो. स्प्रेच्या रंगात सॉल्व्हंट असतं, थर्माकोल त्यात विरघळतो. भाचीच्या मुकुटाला भोकं पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

छप्पनचा_भिया:
आधी प्लास्टिक पेंटचा हात द्यायचा, मग स्प्रे. मी केलंय.

कात्री_आणि_सुई:
एक जागा जरी सुटली की तिथून खड्डा पडतो. परवा कार्यक्रम आहे, त्यांना प्रयोग करायला वेळ नाही.

जुना_टर्नर:
फोम कोणता? किती जाड? पट्टी केवढी कापली? चिकटवली कशाने? मुलगा केवढा? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार कसं?

रामबागवाला:
फोम म्हणजे गादीचा, सोफेवाल्याकडून आणलेला, इंचभर जाड. सुतार वापरतात तो पांढरा गोंद लावला. मुलगा सात वर्षांचा. डोक्याचा घेर 52 सेंटीमीटर भरला म्हणून पट्टी 60 ची कापली.

मल्हारभक्त:
इंदूरात राहून लेगो कशाला? सुभेदार मल्हारराव होळकर करा. पगडी, अंगरखा, कमरेला तलवार. बक्षीस नक्की.

रामबागवाला:
दादा, त्याने चार महिन्यांपासून हेच ठरवलंय. त्याला हेच करून द्यायचं आहे.

जुना_टर्नर:
कारण सापडलं. 60 चा घेर म्हणजे व्यास 19, पण तो बाहेरून. दोन्ही बाजूंचा अडीच-अडीच सेंटीमीटर फोम वजा केला की आत 14 उरतात. तेवढ्यात त्याचं डोकं जाणारच नाही. शिवाय जाड फोम एवढ्या लहान गोलात वाकवला की बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, आणि सगळा जोर जोडावर येतो. पट्टीला सरळ व्हायचंच असतं.
बाहेरचा व्यास 28 धरा. 28 गुणिले 3.14, म्हणजे 88 सेंटीमीटरची पट्टी. आतल्या बाजूला तीन-तीन सेंटीमीटरवर अर्ध्या जाडीपर्यंत उभ्या खाचा मारा, खाच व्ही आकाराची हवी. मग वाकवून बघा, हाताला जोर लागणार नाही. आतून 23 व्यासाच्या पुठ्ठ्याच्या दोन कड्या बसवा, एक वर, एक खाली. जन्मभर लेथवर काम केलंय, गोलाचं गणित चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

लगद्याची_मावशी:
फोम हवाच कशाला? मोठा फुगा फुगवा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने चिकटवा, पाच थर. गौरीपुढची आरास आम्ही अशीच करायचो.

जुना_टर्नर:
भाद्रपदाच्या दमट हवेत पाच थर दोन दिवसांत वाळणार नाहीत, ताई.

लगद्याची_मावशी:
पंख्याखाली वाळतात. माझे वाळले आहेत.

कात्री_आणि_सुई:
वाद नंतर घाला, आधी गोंद बदला. पांढरा गोंद पाण्यातला असतो, फोम तो पिऊन टाकतो. चपला चिकटवायचं रबरी सोल्युशन आणा. दोन्ही तोंडांना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकचिक लागली पण बोटावर आलं नाही की मग दाबा. घाईने ओलं जोडलंत तर सुटेल. आजच करा आणि डोकं रात्रभर खिडकीशी ठेवा, त्याचा वास लहान मुलाच्या नाकाशी नको.
रंगही देऊ नका, फोम रंग शोषतो आणि वाळल्यावर तडे जातात. क्लॉथ मार्केटमधून पिवळं ताणलं जाणारं कापड घ्या आणि पिशवीसारखं वरून ओढा.

छप्पनचा_भिया:
क्लॉथ मार्केटवरून आठवलं, यंदा अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले गिरण्यांचे चित्ररथ, कुठून बघायच्या? मागच्या वेळी गर्दीत काहीच दिसलं नाही.

मल्हारभक्त:
राजवाड्याजवळ लवकर जाऊन बसा. हुकुमचंद मिल 1991 ला बंद पडली, तरी कामगारांनी झांकी सोडली नाही. पुठ्ठा-कापडाची कला बघायची तर तिथे बघा.

रामबागवाला:
झांकीचं वेगळ्या धाग्यावर बोला ना, प्लीज. सोल्युशन आणलंय, खाचा मारतोय. त्याला दिसणार कुठून? डोळ्यांचे ठिपके फार वर येतात.

ठोकळेवाली:
हसण्यातून. 1978 साली आलेल्या पहिल्या माणसाच्या चेहऱ्यावर दोन काळे ठिपके आणि हसू एवढंच होतं, नाक नाही. हसू रुंद कापा, आतून काळी जाळी लावा. बाहेरून काळं दिसतं, आतून रस्ता दिसतो, वाराही येतो. बाकी मापं खेळण्यावरून घ्या. तो माणूस 4 सेंटीमीटरचा असतो, मोजपट्टीवर आडवा ठेवा आणि मुलाच्या उंचीच्या हिशोबात वाढवा. मंडप उघडा आहे का?

रामबागवाला:
हो, आवारातच. का?

ठोकळेवाली:
पाऊस आला तर पुठ्ठ्याची खालची कड आधी ओल धरते आणि फुगते. तिला रुंद चिकटपट्टी आतून-बाहेरून मारा.

रामबागवाला:
रात्रीचे साडेअकरा. जोड धरून आहे. खाचा मारल्यावर पट्टी स्वतःच वळली, चिमटे लागलेच नाहीत. पोरगं जागंच होतं. डोकं घालायला दिलं नाही, वास आहे अजून, पण त्याने ते दोन्ही हातांनी उचलून गोल फिरवून बघितलं.

कात्री_आणि_सुई:
खिडकी उघडी आहे ना?

रामबागवाला:
आहे. पाऊस आत येत नाही, बघितलं.