बाहुलीचे डोके दुधीसारखे लांब होते आणि टाक्यांतून फायबर दिसते : काय चुकत असावे?

रेशीमगाठ (नाशिक)

नमस्कार. क्रोशाचे विणकाम मी गेली सात-आठ वर्षे करते आहे, परंतु आजवर माझी मजल रुमाल, तोरणे, ताटाभोवतीची महिरप आणि फार तर बाळाचे टोपडे यांच्यापलीकडे गेली नव्हती. आत फायबर (कृत्रिम कापूस) भरून करायची भरीव बाहुली मी प्रथमच विणायला घेतली आहे.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. आषाढीच्या सुमारास ती माहेरी येणार आहे, तेव्हा भाच्यासाठी वीतभर उंचीचा एक वारकरी विणावा, असे मनात आले. तिनेच गेल्या वर्षी तिकडच्या दुकानातून घेऊन पाठवलेल्या पुस्तकात एका आजोबांच्या बाहुलीचा नमुना आहे. त्याचे माप तसेच ठेवायचे आणि कोट-टोपीऐवजी धोतर, सदरा, फेटा आणि हातात भगवी पताका द्यायची, असा बेत आहे.

अडचण डोक्यापाशीच सुरू झाली. मॅजिक रिंगमध्ये (दोऱ्याच्या ओढून बंद होणाऱ्या कड्यात) ६ टाके, मग १२, १८, २४, ३०, ३६ अशा वाढीच्या ६ फेऱ्या, त्यानंतर ३६ टाक्यांच्या ७ सरळ फेऱ्या आणि शेवटी ५ फेऱ्यांत टाके कमी करत पुन्हा ६ वर यायचे, असे पुस्तकात दिले आहे. मी टाके मोजून विणते, फेरीच्या सुरुवातीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूणही बांधते. तरीसुद्धा डोके गोल न होता कोवळ्या दुधीसारखे लांबच लांब होते, आणि फायबर भरल्यावर टाक्याटाक्यांमधून पांढरे पुंजके डोकावू लागतात. दोन वेळा सगळे उसवले. दोरा सुती ४ प्लाय आहे आणि सुई २.५ मिलिमीटरची आहे. हात सैल आहे म्हणावे, तर माझे रुमाल नेहमी घट्ट येतात. जाणकारांनी कृपया सांगावे.

टाकेमोड (ठाणे)

सुईचा नंबर कमी करून पाहावा, असे मी सुचवेन. बाहुलीसाठी विण एरवीपेक्षा घट्ट लागते, त्यामुळे दोऱ्याच्या वेष्टनावर जी सुई सुचवलेली असते तिच्याहून अर्धा ते एक मिलिमीटर लहान सुई घेण्याची पद्धत आहे. तुमच्या दोऱ्याला २ मिलिमीटरची सुई चालावी.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे सुलट बाजू बाहेर आहे ना. भरीव वस्तू गोल गोल विणताना ती वाटीसारखी आपोआप वळते, आणि नवीन विणणाऱ्यांकडून ती पुष्कळदा उलटी वळते. सुई बाहेरून वाटीच्या आत शिरत असेल, तर सुलट बाजू बाहेर आहे. आतून बाहेर येत असेल, तर उलट बाजू बाहेर आली आहे आणि तिच्यावर आडव्या रेघा दिसतील. दुसरी गोष्ट दोरा ओढण्याची. टाक्यात सुई घातल्यावर दोरा सुईवरून घेण्याऐवजी सुईखालून उचलून बाहेर काढला, तर टाक्याचा आकार इंग्रजी 'व्ही'सारखा न राहता फुलीसारखा होतो, विण दाट बसते आणि फेऱ्या तिरक्या सरकण्याचे प्रमाणही कमी होते. चेहऱ्याचे नाक-डोळे मधोमध राहायला याचा फार उपयोग होतो.

चिंचपान (सांगली)

सुई बदलण्याची घाई करू नका, दोष सुईचा वाटत नाही. मी चाळीसहून अधिक वर्षे क्रोशा विणते आहे आणि माझा अनुभव असा, की ज्या बाईचे रुमाल घट्ट येतात, तिचा हात बाहुली विणताना एकाएकी सैल होत नाही.

मला एकच सांगा. पुस्तकात टाक्याचे नाव काय दिले आहे, आणि तुम्ही प्रत्यक्ष विणता आहात तो मुका खांब की खांब? म्हणजे टाक्यात सुई घालून दोरा बाहेर काढल्यावर सुईवरचे दोन्ही फास एकदम सोडता, की आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन मग दोन-दोन करून सोडता?

रेशीमगाठ (नाशिक)

काकू, पुस्तकात सगळीकडे 'डीसी' असे आहे, म्हणजे डबल क्रोशे. मी वेढा घेऊन खांबच विणते आहे. यूट्यूबवरच्या सगळ्या व्हिडिओंमध्ये डबल क्रोशे म्हणजे खांबच दाखवतात.

चिंचपान (सांगली)

तर मग दुखणे सापडले. तुमचे पुस्तक इंग्लंडचे आहे आणि तुम्ही पाहता ते व्हिडिओ अमेरिकन पद्धतीचे असावेत. या दोन देशांत टाक्यांची नावे एका पायरीने सरकलेली आहेत. आपण ज्याला मुका खांब म्हणतो, त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि इंग्लंडमध्ये डबल क्रोशे. आपला खांब अमेरिकेत डबल क्रोशे ठरतो, तर इंग्लंडमध्ये ट्रेबल. म्हणजे पुस्तकाने तुम्हाला मुका खांब विणायला सांगितला होता आणि तुम्ही इमानेइतबारे खांब विणत बसलात.

ओळखायची खूण अगदी सोपी आहे. नमुन्यात 'एससी' ही अक्षरे कुठे आढळली, तर तो अमेरिकन समजावा, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे नावाचा टाकाच नाही. आमच्या पिढीने हे सगळे आई-मावशांकडे पाहून, साखळी, मुका खांब, खांब अशा नावांनी शिकून घेतले, त्यामुळे हा घोळ आमच्या वाट्याला आला नाही. इंग्रजी नावे आली आणि घोटाळाही आला, असे मी गमतीने म्हणते. (सुनेला मात्र ही गंमत पटत नाही.)

भरीव बाहुली ही जवळजवळ संपूर्णपणे मुक्या खांबांचीच असते. जपानी लोक तिला आमिगुरुमी म्हणतात, आणि आज जगभर हेच नाव रूढ झाले आहे. खांब उंच असतो आणि दोन खांबांच्या मध्ये फट राहते. रुमालात ती फट शोभते, बाहुलीत तिच्यातून फायबर बाहेर येते.

परीघ (पुणे)

मी स्वतः विणत नाही. पत्नी विणते आणि मी टाके मोजून देतो. परंतु डोके लांब का झाले, याचे कारण आकड्यांतच आहे आणि ते मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

मुका खांब जेवढा रुंद असतो, जवळपास तेवढाच उंच असतो. प्रत्येक फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, म्हणजे परीघ त्या उंचीच्या सुमारे ६.२८ पट वाढला पाहिजे. म्हणूनच मुक्या खांबाच्या सपाट चकतीत दर फेरीला ६ टाके वाढवतात. खांबाची उंची रुंदीच्या जवळपास दुप्पट असल्यामुळे त्याच्या चकतीला दर फेरीला १२ टाके वाढवावे लागतात, आणि रुमाल विणणाऱ्यांना हे हाताने माहीतच असते. तुम्ही खांब विणून वाढ मात्र सहाचीच केलीत, त्यामुळे चकती पसरायला जागाच मिळाली नाही आणि ती शंकूसारखी उभी राहिली.

आता पुस्तकातला हिशोब पाहा. डोक्याचा परीघ ३६ टाके आहे. टाळूपासून हनुवटीखालच्या टोकापर्यंतचे अंतर गोलाच्या अर्ध्या परिघाएवढे, म्हणजे १८ टाक्यांएवढे असायला हवे. तुमच्या फेऱ्या मोजा : वाढीच्या ६, सरळ ७, घटीच्या ५, एकूण बरोबर १८. नमुना रचणाऱ्याने गोल अचूक साधला आहे. फेरी दुप्पट उंच झाली, की तेच अंतर ३६ टाक्यांएवढे होते आणि कंबर तेवढीच राहते, मग दुधीच होणार. यापुढे नमुना न घेता स्वतःच्या मनाने डोके काढायचे झाले, तर टाक्यांच्या निम्म्या फेऱ्या एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. ४२ टाके असतील तर २१ फेऱ्या.

पागोळी (चिपळूण)

मुख्य प्रश्न सुटलेलाच आहे, पण बाहुली चौदा महिन्यांच्या मुलासाठी आहे हे वाचून लिहावेसे वाटले.

बाजारात मिळणारे प्लास्टिकचे काळे डोळे या बाहुलीला लावू नयेत. त्यांना सेफ्टी आय म्हणत असले, तरी तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात ते वापरू नयेत असेच सांगितले जाते, कारण मूल बाहुली चावते, ओढते, आणि विण सैल झाली की मागच्या चकतीसकट डोळा निघून तोंडात जाऊ शकतो. काळ्या दोऱ्याने डोळे भरावेत, तेही गाठी टाक्याने नव्हे, तर सपाट टाक्याने. कपाळावरचा बुक्का आणि गोपीचंदनाचा टिळा तसाच दोऱ्याने काढता येईल. गळ्यातल्या तुळशीमाळेसाठी मणी ओवण्याचा मोह टाळून तपकिरी दोऱ्याची साखळी विणावी आणि ती मानेला टाचून टाकावी. टाळांच्या बाबतीतही हेच, धातूचे काही नको.

मान लटकण्याचा त्रास पुढे होणारच आहे, म्हणून तेही सांगते. डोके पूर्ण बंद करून मग धडाला शिवले, तर ते एकाच टाक्यांच्या कड्यावर डुलत राहते. शेवटची घट करू नका. १२ टाक्यांवर थांबा, डोके भरा, त्या १२ टाक्यांच्या २ फेऱ्या सरळ विणून मान करा आणि तिथूनच टाके वाढवत धड सुरू करा. मानेत फायबर इतके ठासून भरावे, की ती बोटाने दाबली तरी वाकू नये. फायबर चिमटीचिमटीने, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने आत ढकलावे. एकदम मोठा गोळा कोंबला तर गालाला टेंगूळ येते.

जुन्या उशीचा कापूस भरायचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि तो आतून लवकर वाळत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात अशी एक बाहुली चार दिवस ओली राहून आतून कुबट झाली होती. कितीही उन्हे दाखवली तरी वास जाईना. शेवटी ती उकलली, तेव्हा कापसावर काळे ठिपके निघाले.

भगव्या दोऱ्याचा रंग जातो का, हेही आधी पाहावे. वीतभर दोरा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या सुती कापडात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावा. कापडाला रंग लागला, तर ती पताका धुतल्यावर पांढऱ्या धोतरावर उतरणार हे नक्की.

रेशीमगाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुक्या खांबाने नव्याने सुरुवात केली आणि आज दुपारी डोके पूर्ण झाले. सुई तीच २.५ ची आहे. डोके लिंबाहून थोडे मोठे आणि खरोखर गोल झाले आहे, फायबर कुठूनही दिसत नाही. टाकेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे दोरा खालून उचलला. पहिल्या चार फेऱ्यांत बोटे अडखळली, नंतर सवय झाली.

जाता जाता एक विचारते. शेजारच्या दोघींनी अशीच वारकऱ्यांची जोडी विकत मागितली आहे. छंद म्हणून केलेली बाहुली विकायला काही नियम आहेत का?

टाकेमोड (ठाणे)

आहेत. खेळण्यांविषयीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश सन २०२० चा आहे आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या विकास आयुक्त, हस्तकला यांच्या कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी तयार करून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट मिळाली आहे. दोन शेजारणींपुरते न राहता नियमित विकायचा विचार झाला, तर कारागीर म्हणून ती नोंदणी आधी करून घ्यावी. एक बरे, की वारकऱ्यावर कोणाची मालकी नाही. कार्टूनमधल्या पात्रांच्या बाहुल्या परवानगीशिवाय विकल्या, तर स्वामित्वहक्काचा प्रश्न उभा राहतो.

चिंचपान (सांगली)

विकताना दोऱ्याच्या किमतीवर भाव ठरवू नका, तास मोजा. वीतभर बाहुलीला दोरा लागतो थोडाच, पण मुके खांब हजारांच्या घरात जातात. आणि धोतर वेगळे विणून नेसवणार असाल, तर निऱ्या विणू नका. सपाट पट्टी विणून पुढे दुमडून टाका घालावा. विणलेल्या निऱ्या पोटावर उशी बांधल्यासारख्या दिसतात, माझ्या पहिल्या वारकऱ्याचे अगदी तसेच झाले होते.

रेशीमगाठ (नाशिक)

काकू, निऱ्या विणायचाच विचार होता, वेळेवर सांगितलेत. वारकरी काल पूर्ण झाला. धोतर सपाट पट्टीचे केले. टाळ विणून पाहिले, पण ते बटणांसारखे दिसू लागले, म्हणून सोडून दिले आणि दोन्ही हात छातीशी जोडून टाचले. पताकेला काठी द्यायची नव्हती, त्यामुळे मुक्या खांबाचीच बारीक नळी विणून ती खांद्याला शिवली. ती जरा पुढे झुकते, परंतु ओढून पाहिली तेव्हा हलली नाही. दोऱ्याचा रंग पांढऱ्या फडक्याला लागला नाही, हेही रात्रभर ठेवून पाहिले. आता तोच दोरा वापरून शेजारणींसाठी डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई विणायला घेते आहे. तिचे डोके ३६ टाक्यांचे आणि १८ फेऱ्यांचे, एवढे तरी आता पाठ झाले आहे.