टाटा पॉवरचे २०४५चे उद्दिष्ट आणि मुंद्र्याचा कोळसा

प्रश्न (घाटमाथा):
टाटा पॉवरने २०४५ पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. मात्र गुजरातमधील मुंद्रा येथे आयात कोळशावर चालणारा सुमारे ४,००० मेगावॅटचा प्रकल्पही याच कंपनीचा असून, तेथील वीज घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना (ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा कमी उत्सर्जन करणाऱ्याला क्रेडिट मिळतात, जास्त करणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतात) अधिसूचित केली. तिच्यामुळे असे प्रकल्प चालवणे महाग होत जाईल आणि कंपनीला सौर व पवन ऊर्जेकडे वळणे भाग पडेल, असे समजणे योग्य आहे का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (नियमावली):
या योजनेकडून तरी सध्या तशी अपेक्षा ठेवता येणार नाही. तिच्या पहिल्या टप्प्यात ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा व क्लोरीन), कागद अशा उद्योगांना उद्दिष्टे देण्यात आली. कोळशावरची वीजनिर्मिती, जी देशातील उत्सर्जनाचा सर्वांत मोठा स्रोत आहे, ती त्यात नाही. शिवाय ही उद्दिष्टे एकूण उत्सर्जनावर नव्हे, तर उत्पादनाच्या प्रत्येक टनामागील उत्सर्जनावर आहेत, त्यामुळे उत्पादन वाढले तर नियम पाळूनही एकूण धूर वाढू शकतो. कंपनीवर खरा दबाव येतो तो वितरणाच्या बाजूने. वितरण परवानाधारकाने, म्हणजे ग्राहकांपर्यंत वीज पोहोचवणाऱ्या कंपनीने, नवीकरणीय वीज किती घ्यावी याचे बंधन वर्षागणिक वाढत जाऊन २०२९-३० मध्ये ४३.३३ टक्क्यांवर जाणार आहे, आणि टाटा पॉवर मुंबईत स्वतःच वितरक असल्याने हे बंधन तिला थेट लागू होते.

उत्तर (तिसरी घंटा):
वरील खुलाशात एक मुद्दा जोडणे मला आवश्यक वाटते, तो म्हणजे भुर्दंड शेवटी कोणावर पडतो. कोळशावर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये उपकर लावण्यात आला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. दीर्घकालीन वीजखरेदी करारांत 'कायद्यातील बदल' हे कलम असते, त्यामुळे असा कर निर्मिती कंपनीच्या नफ्यातून न जाता वीजदरातून ग्राहकाकडे येतो. आपल्या बिलावरील इंधन समायोजन आकाराची ओळ पाहावी. खरेदीखर्चातील चढउतार तेथे उतरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर रद्द करून कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला. हिशेब केला तर टनाला साधारण ३,०७७ रुपयांपेक्षा स्वस्त कोळशावरील कर त्यामुळे कमी झाला आणि महाग कोळशावरील वाढला. म्हणजे कर आता वजनावर नव्हे, किमतीवर आहे, आणि कार्बनशी त्याचा असलेला थोडासा संबंधही सुटला, याची मला मनापासून खंत वाटते.

अशा प्रकल्पाचे भवितव्य कार्बनवरील करापेक्षा इतर गोष्टींवर ठरते, हे मुंद्र्याच्या अनुभवातूनही दिसते. युनिटला २ रुपये २६ पैसे या सरासरी दराच्या बोलीवर मिळालेला हा प्रकल्प तोट्यात गेला तो इंडोनेशियाने २०१० मध्ये कोळशाच्या निर्यात किमतीचे नियम बदलल्यामुळे. पुढे २०२२ मध्ये विजेची टंचाई भासताच केंद्रानेच वीज कायद्याच्या कलम ११ खाली आयात कोळशावरील प्रकल्पांना पूर्ण क्षमतेने चालण्याचे आदेश दिले.

उत्तर (शिरोता):
कोळशाला पर्याय उभा करायचा तर सायंकाळच्या मागणीचे काय, हा प्रश्न सोडवावा लागेल, आणि त्यासाठी या कंपनीकडे सह्याद्रीतील जुनी जागा आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५चे. घाटमाथ्यावरच्या धरणांतील पाणी मोठ्या नळांतून कोकणात उतरवून तेथे वीज तयार होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने राज्य सरकारशी भिवपुरी येथे १,००० आणि शिरोता येथे १,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला. दुपारच्या सौर विजेने पाणी वर चढवायचे आणि रात्री सोडायचे, अशी ही योजना आहे. मात्र याच कंपनीच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. म्हणून नव्या कामासाठी किती जमीन आणि किती वन जाणार, हे स्थानिक ग्रामसभांसमोर आधी मांडले गेले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.