६५ ची मस्टँग रोड कोर्सवर न्यायचीये, पहिला पैसा कुठे घालू?

सांगलीकर_६५

नमस्कार मंडळी. मी सॅक्रामेंटोजवळ राहतो, मूळचा सांगलीचा. वडिलांचं गॅरेज होतं त्यामुळे पाने-स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊनच मोठा झालोय. मागच्या दिवाळीत १९६५ ची मस्टँग कूप घेतली, २८९ व्ही-८, चार गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पत्रा बाहेरून छान दिसतोय पण गाडी धुतली की ड्रायव्हरच्या पायाशी पाणी येतं.

मला ही सरळ रेषेत पाव मैल पळवायची नाहीये. थंडरहिल, सोनोमा, लगुना सेका असे वळणांचे ट्रॅक करायचेत, आधी ट्रॅक डे (शर्यत नाही, नुसती आपली गाडी ट्रॅकवर पळवायची) आणि मग दोनेक वर्षांत व्हिंटेज, म्हणजे जुन्या गाड्यांचं रेसिंग. १९६६ ला ट्रान्स-ॲम ही रोड रेसची मालिका सुरू झाली तेव्हा अशाच साध्या कूप मस्टँग पळाल्या आणि पहिल्याच वर्षी फोर्डने मॅन्युफॅक्चरर्स टायटल घेतलं, ते वाचल्यापासून हे डोक्यात बसलंय.

बजेट २० हजार डॉलर. इथला एक इंजिनवाला म्हणतोय ३४७ क्यूबिक इंचाचं बांधून देतो, साडेचारशे घोडे, ९ हजारात. बायको म्हणते आधी सेफ्टी बघ. इंजिन आत्ता ठीक चालतंय, धूर नाही, ऑइल थोडं गळतं. काय करू?

थंडरहिलचा_भाऊ

वहिनींचं ऐक. खरंच सांगतो, ९ हजार इंजिनात घालू नकोस, निदान आत्ता तरी नको.

सगळ्यात आधी मास्टर सिलिंडर बदल, पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवतो तो. ६५-६६ ला एकच खाना आहे, म्हणजे एक सील गेलं किंवा एका चाकाचा होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मस्टँगला दोन खान्यांचा ६७ पासून आला, तो तुझ्या गाडीला बसवता येतो, पाइप थोडे नवीन वाकवावे लागतात बस. मग पुढे डिस्क. त्या काळी केल्सी-हेजचे चार पिस्टनचे, ११.३ इंची डिस्क ऑप्शनमध्ये मिळायचे, तशीच सेट आता नवीन मिळते आणि व्हिंटेजमध्ये चालते पण. मागचे ड्रम राहू देत, लायनिंग चांगलं टाक.

आणि ब्रेक फ्लुइड! लोक कॅलिपरवर हजारो घालतात आणि आत जुनंच डॉट ३ ठेवतात. ते नवीन असताना २०५ डिग्रीपर्यंत टिकलं पाहिजे असं स्टँडर्ड आहे पण पाणी धरल्यावर तेच १४० वर येतं. रेसिंगचं फ्लुइड नवीन असताना ३०० च्या वर जातं. माझं पहिल्या वर्षी लगुनाला चौथ्या-पाचव्या लॅपला झालं, सरळ संपून दुसऱ्या वळणाला, अँड्रेटी हेअरपिनला ब्रेक मारला तर पेडल एकदम मऊ, स्पंजवर पाय ठेवल्यासारखं, तीनदा पंप केलं तेव्हा कुठे काहीतरी हाताशी आलं आणि मी बाहेरच्या मातीत जाऊन थांबलो. गाडीला ओरखडा नाही आला पण पिटमध्ये आल्यावर बेल्ट सोडायला हात वळत नव्हते माझे.

दुसरं, टाकी. तुझ्या गाडीत डिकीचा तळ आणि टाकीचं वरचं झाकण एकच आहे, आणि डिकी आणि मागच्या सीटमध्ये स्टीलची भिंत नाहीये, पुठ्ठा आहे. मागून कोणी ठोकलं तर पेट्रोल थेट तुझ्या अंगावर. ट्रॅक डे करणार असशील तरी आधी स्टीलचा पत्रा लावून घे, रेसला उतरताना फ्युएल सेल, म्हणजे रेसची सुरक्षित टाकी.

तिसरं ऑइल, त्याबद्दल रात्री लिहितो, शिफ्ट आहे.

एल्कहार्टची_ताई

मी विस्कॉन्सिनला, शेवरलेची ६९ कॅमेरो, रोड अमेरिका ट्रॅकवर पळवते. दादा, भाऊंनी ब्रेकचं सांगितलं त्याला माझं पूर्ण अनुमोदन, आमच्याकडे ४.०४८ मैलांचा लॅप आहे, पाचव्या वळणाआधी उतारावरून गाडी सुसाट येते आणि तिथे ब्रेक नसतील तर घोडे किती आहेत याला काही अर्थ नाही.

पण मला वेगळा मुद्दा मांडायचाय. आधी ठरवा की गाडी काळानुसार ठेवायची की आधुनिक करायची. कारण व्हिंटेज क्लबचे नियम असतात, कोणतं इंजिन, किती इंची रिम, कोणते टायर. ३४७ टाकलंत तर ज्या ग्रुपमध्ये तुम्हाला उतरायचंय तिथे कदाचित घेणारच नाहीत, मग परत २८९ शोधत बसा. नंबर जुळणारं मूळ इंजिन असेल तर ते तर अजिबात विकू नका.

आणि या गाड्यांची गंमतच लहान इंजिनात आहे हो. ट्रान्स-ॲमला ५ लिटरची मर्यादा होती म्हणून शेवरलेने ३२७ च्या ब्लॉकात २८३ चा क्रँक घालून ३०२ केलं, तेच कॅमेरो झेड/२८ चं इंजिन. मोठं इंजिन त्यांच्याकडे पडलेलंच होतं की! पण आखूड स्ट्रोक, वरपर्यंत फिरणारं, पुढे वजन कमी. मार्क डोनोह्यूने १९६८ ला ट्रान्स-ॲमच्या तेरातल्या दहा रेस अशाच गाडीने मारल्या. तुमचं २८९ त्याच जातीचं आहे, ४ इंच बोअर, २.८७ स्ट्रोक. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की ते जसं मोकळं होऊन ओरडतं ना, ते ऐकून मला आजही भरून येतं.

अजून एक, रेसला उतरण्याआधी १३/१३ नियम समजून घ्या. बऱ्याच क्लबांत तुमच्या चुकीने कोणाला धडक लागली की तो वीकेंड संपला आणि १३ महिने नजरेखाली, त्यात परत झालं तर १३ महिने बंदी. मला हा नियम फार आवडतो. शेजारच्या गाडीत कोणाच्या आयुष्याची कमाई असते, एका वळणासाठी ती चेपायची नसते.

पाटे_आणि_पाने

एक मुद्दा राहिला सगळ्यांचा. शेल्बी ड्रॉप. पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या आर्मची भोकं १ इंच खाली पाडायची, टेम्प्लेट मिळतं, एका बाजूला दोन भोकं, एका रविवारचं काम आणि खर्च जवळजवळ शून्य. वळणात गाडी कलली की बाहेरचं चाक उभं राहायला मदत होते, नाहीतर ते बाहेरच्या कडेवर चालतं आणि टायरचा खांदाच खाऊन टाकतं. १९६५ च्या जीटी३५० ला, म्हणजे शेल्बीच्या मस्टँगला, हेच केलं होतं. सोबत मोठा अँटीरोल बार, आणि दोन शॉक टॉवरना फायरवॉलशी बांधणारी एक्सपोर्ट ब्रेस. मागचे पाटे फार कडक घेऊ नका, लोक ट्रकसारखे करून ठेवतात मग मागचं चाक आतल्या बाजूला उचलतं. अलाइनमेंट रस्त्याच्या जुन्या आकड्यांवर करू नका, ट्रॅकला पुढे दीड ते दोन डिग्री निगेटिव्ह कॅम्बर (चाक वरून आत झुकलेलं) लागतो.

पाण्याचं: वायपरखालच्या जाळीच्या आतला पत्रा गंजलाय. केज (आतला पाइपांचा पिंजरा) वेल्ड करायच्या आधी ते करा, नंतर डॅशखाली हात जात नाही.

थंडरहिलचा_भाऊ

हां, ऑइल. इंजिनखालचं स्टॉक ऑइल चेंबर पुढे आहे, फिल्टर धरून ५ क्वार्ट. रस्त्यावर काही होत नाही. पण थंडरहिलचं दुसरं वळण माहितीये ना, डावीकडे जवळपास अर्धं वर्तुळ, संपतच नाही ते, तेवढा वेळ सगळं ऑइल उजव्या भिंतीवर चढून बसतं आणि पंप हवा ओढतो. जुलै महिना, विलोजला चाळीसच्या आसपास ऊन, मला वाटलं प्रेशरचा काटा लटपटतोय म्हणजे गेजच खराब असेल. घरी येऊन फिल्टर कापला, आतला कागद घडी-घडी उलगडून उन्हात धरला तर प्रत्येक घडीत तांब्याची चमक. बिग एंडच्या बेअरिंग वरचा थर जाऊन तांब्यापर्यंत घासल्या होत्या. क्रँक पॉलिश करून वाचला, अजून एक दिवस पळवलं असतं तर रॉड ब्लॉकमधून बाहेर आला असता.

तेव्हा रोड रेसचं चेंबर घे, आत पडदे आणि एका बाजूलाच उघडणारी झडपं असतात. पिकअप (ऑइल ओढणारी नळी) पण त्याच चेंबरचा, जुना चालत नाही. मोठं गेज डोळ्यासमोर आणि कमी प्रेशरचा लाल दिवा, कारण वळणात काटा बघायला वेळ नसतो.

आणि पूर्ण केज घालून रस्त्यावर बिनाहेल्मेट चालवू नकोस प्लीज. साध्या धडकेत पण डोकं पाइपवर आपटतं. रस्त्यावर पण चालवायची असेल तर सध्या फक्त रोल बार (सीटमागची पाइपची कमान), चांगली सीट, बेल्ट, हेल्मेट आणि मान धरणारं हान्स. बेल्ट जुने घेऊ नकोस, एसएफआय या रेसिंग सेफ्टी स्टँडर्डचे दोन वर्षांत बाद होतात.

सांगलीकर_६५

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं. आज बायकोने जाळीवर नळी धरली आणि मी डॅशखाली आडवा पडून टॉर्चने बघितलं. डाव्या बाजूला हीटरजवळच्या गोल कॉलरच्या कडेने धार लागली, बोटाने दाबलं तर पापड मोडावा तसा पत्रा तुटला. म्हणजे ते पहिलं. इंजिनवाल्याला नको म्हणून कळवलं. आता यादी अशी: जाळीचा पत्रा, मास्टर सिलिंडर आणि डिस्क, डिकी आणि सीटमध्ये भिंत, चेंबर, शेल्बी ड्रॉप, सीट-बेल्ट. बाबांना फोनवर चेंबरमधल्या झडपांचं सांगितलं तर ते म्हणाले फोटो पाठव आधी.

स्पॉट वेल्ड ड्रिल करायला कोणतं बिट वापरता?

पाटे_आणि_पाने

३/८ चा स्पॉट वेल्ड कटर घ्या, साधं बिट घसरतं. आधी प्रत्येक वेल्डच्या मध्यावर पंच मारा आणि फक्त वरचा पत्रा कापा, आरपार जाऊ नका. बरेच वेल्ड आहेत, दोन कटर जास्तीचे आणा.

थंडरहिलचा_भाऊ

माझं जुनं स्टॉक चेंबर आणि नवीन, दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाकतो उद्या, काकांना पाठव. शेल्बी ड्रॉपचं टेम्प्लेट माझ्याकडे पडलंय, विकत घेऊ नकोस. शनिवारी ये घेऊन जायला, स्प्रिंग कॉम्प्रेसर पण देतो.