पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळी

प्रश्न: काल कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून ब्रशनं धूळ झटकली. आता बटण दाबलं की पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बीपही नाही. मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला का?

उत्तर: लगेच मदरबोर्डच्या नावानं रडू नका. काल हात कुठे कुठे लागला ते आठवा. प्लग काढून (हेही सांगावं लागतं!) रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या (स्टिक), पुन्हा बसवा, 'कट्' आवाज आला पाहिजे. मग एकच स्टिक ठेवून बघा. बीपचं म्हणाल, तर पुष्कळ बोर्डांना स्पीकरच नसतो.

प्रश्नकर्ता: एका स्टिकवर चालू झालं! दुसरी लावली की परत अंधार.

उत्तर: तीच दुसरी स्टिक चालणाऱ्या स्लॉटमध्ये (स्टिक बसवायच्या खाचेत) लावा. चालली तर दोष स्लॉटचा.

प्रश्नकर्ता: चालली. स्लॉटमध्ये टॉर्च मारला, ब्रशचाच केस अडकलाय!